मदत हवी आहे: स्प्रे सनस्क्रीन अंगाला पुरेसं लागलंय हे कसं ओळखायचं?

माझा आठ वर्षांचा मुलगा दुपारी उघड्या तलावात पोहायला जातो. क्रीम चोळायला घेतलं की पळ काढायचा, म्हणून स्प्रेचा डबा आणला. आता शहाण्यासारखा उभा राहतो, पण पोहून आला की पाठीवर लाल पट्टे दिसतात. पट्टेच म्हणतेय, कारण मधली त्वचा अगदी छान, तिच्या शेजारी बोटभर रुंदीची लाल रेघ, पुन्हा छान त्वचा. म्हणजे जिथे स्प्रे पोचतोय तिथे काम करतोय. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ५० आहे, ब्रॉड स्पेक्ट्रम (दोन्ही प्रकारची अतिनील किरणं अडवणारं) आहे, मुदतही संपलेली नाही.

क्रीमचा अंदाज मला आहे: मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला साधारण ३० मिली. एसपीएफची चाचणीसुद्धा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर होते. फवाऱ्यात हे मोजायचं कसं? डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर ठेवून पाहिला, पण घटलेल्या वजनात उडून गेलेला वायूही येतो आणि वाऱ्यावर गेलेलं औषधही. अंगावर किती बसलं ते कळतच नाही.

याहून मोठी काळजी श्वासाची आहे. त्याला दमा आहे. फवारताना श्वास रोखून धरतो, तरी तो धुरळा क्षणभर तरंगत राहतो आणि त्याला ढास लागते. डॉक्टरांना विचारणारच आहे. पण रोज वापरणारे काय करतात? चेहऱ्याचं काय? की स्प्रे सोडूनच द्यावा?

ऊनसावली:
ताई, पट्ट्यांचं कारण फवाऱ्याच्या आकारात आहे. काळ्या सुती कापडावर एकदा मारून बघा. मध्ये दाट ओला डाग पडतो, कडेला नुसते तुरळक ठिपके. हात वरून खाली नेला, थोडा सरकवून परत नेला, की दोन फेऱ्यांच्या मधल्या कडा कोरड्याच राहतात. तीच तुमची लाल रेघ.

म्हणून वजनाच्या नादी लागू नका. डबा त्वचेजवळ धरा (अंतर लेबलवर असतं), त्वचा ओली चमकेपर्यंत एकाच भागावर मारा आणि मग तळहाताने चोळून पसरवा. चोळायची गरज नाही असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी चोळाच, माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो. वारा असेल तर आडोशाला जा, नाहीतर बरंचसं हवेतच जातं. पाण्यात उतरायच्या १५ मिनिटं आधी लावा. वॉटर रेझिस्टंट म्हणजे ४० किंवा ८० मिनिटं, लेबलवर जे असेल ते. टॉवेलने अंग पुसलं की पुन्हा लावायचं, आणि पाण्यात नसला तरी दर दोन तासांनी.

पाणवठा:
वरचं सगळं बरोबर, पण दमा असलेल्या मुलासाठी मी तरी एरोसोल, म्हणजे वायूच्या दाबाने उडणारा डब्यातला स्प्रे, वापरणार नाही. ढास लागतेय म्हणजे ते आत जातंय. चेहऱ्यावर थेट फवारा कोणीच मारू नये, निरोगी माणसानेही नाही. हातावर घेऊन मग लावावं. काही सनस्क्रीनमध्ये ऊन अडवायला टायटॅनियम डायऑक्साइड असतं; ते क्रीममधून त्वचेवर लावणं वेगळं आणि फुप्फुसात जाणं वेगळं. श्वासावाटे जाणाऱ्या त्याच्या भुकटीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने '२बी', म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात ठेवलंय. ऑस्ट्रेलियाची कॅन्सर कौन्सिल तर एरोसोल सनस्क्रीनची शिफारसच करत नाही.

पोहण्यासाठी लांब बाह्यांचा स्विमशर्ट घ्या, यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) ५०+ लिहिलेला. पाठ, खांदे, दंड सगळं झाकलं जातं, पट्ट्यांचा प्रश्नच मिटतो. उरले कान, मान, चेहरा आणि पाय. तिथे स्टिक किंवा क्रीम. कानामागे आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीत विसरू नका.

आणखी एक, डब्यात बहुधा अल्कोहोल आणि ब्युटेन-प्रोपेनसारखे वायू असतात. अंग पूर्ण वाळेपर्यंत शेगडी, मेणबत्ती, पेटती सिगारेट यांच्या जवळपासही जायचं नाही. लावून झाल्यावर विस्तवाजवळ गेलेली माणसं भाजली आहेत. बंद गाडीत उन्हात डबा ठेवू नका.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. स्विमशर्ट सुचलाच नव्हता, आजच बघते. कान आणि चेहऱ्याला स्टिक. उरलेला डबा मी स्वतःच्या पायांना वापरला तर चालेल ना? घरात पाच महिन्यांची मुलगीही आहे, म्हणून विचारते.

ऊनसावली:
चालेल, पण घरात नको. बाहेर मोकळ्यावर, दोन्ही मुलं जवळ नसताना मारा, चोळा, वाळू द्या, हात धुवा आणि मगच बाळाला घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन शक्यतो लावत नाहीत. सावली, टोपी आणि अंगभर सैल कपडे, एवढंच.