पद्मासन जमत नाही म्हणजे आळस? (ऑनलाइन धागा, नावं टोपणनावं)

चारभिंती, सातारा: पद्मासन न जमणं हा निव्वळ आळस. रोज ५ मिनिटं फुलपाखरू करा (तळवे जुळवून, गुडघे बाजूला सोडून बसा), हातांनी गुडघे दाबा. महिन्यात खुबा मोकळा!

कृष्णाकाठी, सांगली: ‘दाबा’ वाचलं आणि राहवेना. खुबा हा उखळीचा सांधा. वाटी किती खोल, मांडीच्या हाडाची मान कुठं वळलेली, हे माणसागणिक वेगळं. स्नायू ताणता येतो, हाड नाही. फुलपाखरात मांडीच्या आतून ओढ बसली तर स्नायू आखडलाय, धीर धरा. जांघेत पुढं चिमटा बसला की थांबा. तिथं बहुधा हाडाला हाड भिडतंय. रेटाल तर वाटीच्या कडेची कूर्चा फाटू शकते. शिवाय पद्मासनात खुबा वळला नाही की तो पीळ गुडघा खातो. गुडघा म्हणजे जवळजवळ बिजागरी, पिळायला केलेलाच नाही. आमराई बागेत सकाळी असं कुणाला दाबू नका म्हणजे झालं.

चारभिंती: आवं, आज्या चुलीपुढं उकिडव्या बसून भाकऱ्या थापायच्या. त्यांना कुठं चिमटा?

भडंग, सांगली: आज्यांना मध्ये आणू नका. त्या पोरवयापासून तशा बसलेल्या. तुम्ही चाळिशीत खुर्चीवरून उठून थेट पद्मासनात! आणि उकिडवं बसताना गुडघे फाकलेले असतात, म्हणून खुब्याला जागा मिळते. गुडघे जुळवून बसा, मग कळेल.

घाटवाला, सातारा: पंगती गेल्या तिथंच खुबे गेले. मंगल कार्यालयात पाट मांडा म्हटलं तर वऱ्हाड रुसतं.

भडंग: पंगतीचं कौतुक वाढप्याला विचारा. आमटीची बादली घेऊन पाठीची कमान करून वाकतो, खुब्यातून नाही. बसका (कुल्ले) मागं न्यायचा, गुडघे जरा सैल, पाठ सरळ, बादली अंगालगत. सगळे कमरेतूनच मोडतात.

घाटवाला: वाढप्याच्या बसक्याकडं बघत जेवायचं का आम्ही?

कृष्णाकाठी: धागा खुब्याचा आहे, आमटीचा नाही.

चारभिंती: बरं महाराज, ‘दाबा’ मागं घेतलं. आता तुम्हीच शिकवा.

कृष्णाकाठी: घोंगडी दुमडून बसक्याखाली ८-१० सेंमी उंची करा. गुडघे खुब्याच्या वर राहत असतील तर आणखी एक घडी. मग फुलपाखरू: टाचा जांघेपासून वीतभर लांब, दोन्ही गुडघ्यांखाली उशा. ३० सेकंद, तीनदा. पण नुसतं ताणून भागत नाही. सेतुबंधात (उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलायची) १० श्वास थांबा. मग भिंतीला हात टेकून एकेक पाय बाजूला उचला, १०-१२ वेळा, कंबर न झुकवता. खुबा धरून ठेवणारे बाजूचे स्नायू हेच, आणि योगवर्गात त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. खुबा बदललेला असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. मांडी घालून बसणंसुद्धा नको.

भडंग: पश्चिमोत्तानासनाचंही (पाय पसरून पुढं वाकायचं) लिहा. बैठकीच्या हाडाशीच दुखत असेल तर तिथं बहुधा स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) चिडलाय. तो ताणून आणखी चिडतो.

चारभिंती: एवढं ज्ञान! पण घोंगडी टोचते हो.

कृष्णाकाठी: वर चादर घाला.