डेस्कटॉपला दुसरी हार्ड डिस्क जोडली तेव्हा... लिहा तुमचे अनुभव

गंगापूररोडकर
परवा माळा आवरताना जुना कॅबिनेट सापडला. आत ४० जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क, ती चपटी करडी केबल आणि मागच्या पिनांवरचा इवलासा जंपर, म्हणजे डिस्क मास्टर (पहिली) की स्लेव्ह (दुसरी) ते ठरवणारी टोपी. सगळं आठवलं. दुसरी डिस्क बाबांनी घरीच बसवली होती. एका केबलवर दोन डिस्क, म्हणून एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. लोडशेडिंग संपायची वाट बघायची आणि लाइट आले की बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दोन्ही नावं दिसतात का ते बघायचं. दिसली तेव्हा बाबांनी आईला हाक मारून बोलावलं होतं. आता साटा या नव्या जोडणीमुळे जंपरची भानगडच नाही, डिस्कागणिक वेगळी केबल. पण फोटो आणि कागदपत्रं विंडोजच्या डिस्कवर ठेवू नयेत, ही बाबांची शिस्त मी अजून पाळतो. तुमच्याकडे कसं झालं?

सिडकोची_सून
आमची तर लावली आणि दिसेचना! परत करायला एम.जी. रोडला निघालेच होते. शेजारचा मुलगा म्हणाला, काकू थांबा, नवी डिस्क कोरी असते. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून इनिशियलाइझ केली, जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) निवडलं, मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम. आली! कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते

द्राक्षबाग
१ टीबी घेतली, ९३१ जीबीच दिसते. वडील म्हणतात दुकानदाराने फसवलं.

गंगापूररोडकर
नाही हो दादा. कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने. डिस्क पूर्णच आहे, सांगा त्यांना.

अंबड_सेकंड_शिफ्ट
आमच्या वर्कशॉपमधल्या मशीनचा पीसी अजून ३२ बिट विंडोज एक्सपीवर. त्याला जीपीटी कळतच नाही, एमबीआर ही जुनी पद्धतच वापरावी लागते. नव्या पीसीवर उलटं, २ टीबीच्या वरची असेल तर जीपीटीच घ्या, नाहीतर वरची जागा वापरता येत नाही. चला, शिफ्ट सुरू

पंचवटी४२२००३
मला ह्या विषयावर बोलायचंच होतं. गेल्या वर्षी एका दुरुस्तीवाल्याला विंडोज टाकायला दिलं. त्याने विंडोजच्या डिस्क ० ऐवजी फोटोंची डिस्क १ फॉरमॅट केली. मुलीच्या बारशापासूनचे फोटो. रडायलाच आलं. क्विक फॉरमॅट होतं म्हणून वाचलो, त्यात फक्त यादी पुसली जाते, आतला डेटा वर काही नवीन लिहीपर्यंत तसाच असतो. डिस्कवर काहीही नवीन न लिहिता रिकव्हरी करून घेतली. फुल फॉरमॅट असतं तर शून्यं लिहिली गेली असती, संपलंच. विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवा. कृपया.

सिडकोची_सून
अगं बाई! आले का पण सगळे परत?

पंचवटी४२२००३
बहुतेक आले ताई. नावं गेली, तारखा राहिल्या.

भांडीबाजार
ऑगस्ट २०१६ चा नाशिकचा गोदावरीचा पूर. दुकानात कॅबिनेट खालीच होता. हिशेब एका डिस्कवर, कॉपी दुसरीवर, आणि दोन्ही एकाच डब्यात भिजल्या. आतली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एक कॉपी घराबाहेर हवीच.

गंगापूररोडकर
वाईट वाटलं काका. त्या दिवशी आम्ही पुराची उंची कळावी म्हणून गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत पुलावर उभे होतो.

भांडीबाजार
आम्ही दुकानातून माल वर चढवत होतो. सगळी गल्ली मदतीला आली, एवढं मात्र खरं.

द्राक्षबाग
वडिलांना पटलं. धन्यवाद. आता मेव्हण्याची जुनी आयडीई डिस्क आहे, दिंडोरीच्या बागेचे हिशेब त्यात. आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर आहे का कुणाकडे?

इंदिरानगर_आजोबा
आहे माझ्याकडे. साडेतीन इंची असेल तर यूएसबीची वीज पुरत नाही, १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तोही आहे. जंपर मास्टरवर ठेवून आणा. रविवारी सकाळी या, दुपारी मी झोपतो.

द्राक्षबाग
येतो आजोबा. येताना द्राक्षं आणतो.