प्रति: लोकवादकांकडून घ्यायचं आणि नाव स्वतःचं लावायचं

प्रसिद्ध संगीतकार लोकवादकांकडून संगीत घेतात आणि त्यावर नाव स्वतःचं लावतात, असं तुम्ही म्हणता; पण हे सरसकट खरं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या जॉनी क्लेग या गोऱ्या गायक-गिटारवादकाचंच घ्या. जोहान्सबर्गमध्ये जवळच्या इमारतीत साफसफाई करणारा चार्ली म्झिला रस्त्यावर झुलू (तिथला एक कृष्णवर्णीय समाज) ढंगाची गिटार वाजवायचा. पोरसवदा क्लेग त्याच्या मागे मागे काळ्या मजुरांच्या वसतिगृहांपर्यंत जायचा. गोऱ्यांना तिथे मज्जाव, त्यामुळे पोलिसांनी उचललंही. गिटार आपली नेहमीचीच, पण सगळ्यात बारीक तार खालच्या सुरात लावलेली आणि बोटांची चाल वेगळीच.

पुढे माळीकाम करणारा झुलू तरुण सिफो म्चुनू, क्लेग नावाचा गोरा पोरगा कसा वाजवतो ते बघायला, थेट जुगलबंदीचं आव्हान घेऊन आला, आणि जोडीच जमली. बँडचं नाव 'जुलुका', म्हणजे सिफोच्या बैलाचं! पहिला अल्बम १९७९ चा. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवायला वर्णभेदाचे कायदे आडवे, म्हणून कार्यक्रम चर्चमध्ये नाहीतर विद्यापीठात. १९८५ मध्ये सिफो गुरंढोरं सांभाळायला गावी परतला, तरी नव्वदच्या दशकात दोघं पुन्हा एकत्र आले. क्लेग २०१९ मध्ये गेला. प्रसिद्धी जास्त त्यालाच मिळाली, तेवढा तुमचा मुद्दा मान्य. पण म्झिलाचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते क्लेगनेच सांगितल्यामुळे.