येझदी रोज चालवायची की रविवारी नुसती पुसायची?

भायखळेकर:
वडिलांची 1982ची येझदी रोडकिंग मोटरसायकल दीड महिन्याने वर्कशॉपातून घरी आली. सोसायटीत पहिला प्रश्न : "आता शोपीसच ना?" मुळीच नाही. रोज भायखळा ते फोर्ट. बिघडायला आहेच काय तिच्यात? 250 सीसी, टू-स्ट्रोक, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडर एकच, पण त्याला एक्झॉस्टची भोकं दोन, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. आणि तो डावीकडचा दांडा! आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की पुढे पाडायचा, तोच गिअर. नवखा माणूस किक शोधत गाडीभोवती फेऱ्या मारतो, ती मजा वेगळीच. गिअर बदलताना क्लच दाबावा लागत नाही, दांडा हलला की आतल्या आत सुटतो. बोला आता.

शीवची ताई:
बोलते. सिग्नलला तुमच्या मागे स्कूटरवर मी असते. पेट्रोलमध्ये तेल मिसळून जाळायचं, वर एक्झॉस्टचं भोक उघडं असतानाच नवं मिश्रण आत येणार, त्यातलं थोडं न जळताच बाहेर. हे मशीनच्या मुळातच आहे, ट्यूनिंगने जात नाही. आठवण तुमच्या वडिलांची, वास आमच्या नाकात.

चौथा गिअर:
ताईंना +1. येझदीचा मैसूरचा कारखाना 1996ला बंद पडला, अस्सल सुटे भाग आणणार कुठून? माझ्याकडे होती एक. दुकानदाराने 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारलेली पिस्टन रिंग तीन महिन्यांत गेली. ड्रम ब्रेकबद्दल तर बोलूच नका. पावसात हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून काढा आणि मग पुढच्या बेस्टच्या मागे थांबून दाखवा.

भायखळेकर:
ब्रेकचं मान्य. पावसाळ्यात लोकलनेच जाईन.

चौथा गिअर:
म्हणजे 'रोज'मधले चार महिने इथेच गेले! शिवाय जे. जे. पुलावर 2010पासून दुचाकींना बंदी. पुलाखालून मोहम्मद अली रोडने पहिल्या-दुसऱ्यात रांगणार. हवेवर थंड होणारं इंजिन, आणि हवाच नाही.

काळे हात:
तीस वर्षं याच गाड्या उघडतोय. सगळा धूर गाडीच्या जातीचा नसतो हो ताई. लोक भीतीपोटी तेल जास्त ओततात. माझ्या गिऱ्हाइकांना मी लिटरला 40 मिली सांगतो, नीट मापून. तेवढ्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर क्रँकचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं कडं, बघा. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. भायखळेकर, गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय का?

भायखळेकर:
आत्ता खाली जाऊन बघितलं. होतंय. दीड महिना वर्कशॉपात काय केलं कोण जाणे. शनिवारी सील बदलून घेतो. तोवर ताई, सिग्नलला माझ्या मागे नका थांबू, बाजूला थांबा.

शीवची ताई:
कुठल्या बाजूला? सायलेन्सर दोन्हीकडे आहेत ना!