मदत हवी आहे: आत्यासाठी स्वतंत्र खोली मिळेल असं केअर सेंटर, बेळगाव किंवा आसपास

नमस्कार मंडळी. आत्या ८१ वर्षांची, खानापूरकडची. पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण वॉकरशिवाय चालता येत नाही आणि रात्री डायपर लागतो. मूलबाळ नाही. आमचं घर अनगोळात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघं नोकरीला, म्हणून शहरातच एका केअर सेंटरला ठेवलंय. माणसं चांगली आहेत, जेवण-औषधं वेळेवर, मावश्या प्रेमानं करतात. अडचण खोलीची आहे.

एका खोलीत चार बेड, मध्ये साधा पडदा पण नाही. डायपर बदलायचा, अंग पुसायचं तर समोरच्या आजींना भेटायला आलेला जावई उठेपर्यंत ताटकळायचं, आणि त्याच्या लक्षात आलं नाही तर कोण सांगणार? आयुष्यभर डोक्यावरचा पदर पडू न दिलेली बाई हो ती. शेजारच्या आजींना डिमेन्शिया आहे, त्या मध्यरात्री उठून हाका मारतात, त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही पण आत्याची झोप गेली ती गेलीच. आता तर सगळ्यांसमोर सारखं बदलायला नको म्हणून ती पाणीच कमी पितेय आणि त्यातनं लघवीचं इन्फेक्शन होऊन गेलं.

पुण्याचा दादा म्हणतो एकटी पडली तर खंगेल, चौघींत गप्पा तरी होतात. त्याचं अगदीच खोटं नाही, आणि रात्री पडली तर कळणार कुणाला ही धास्ती मलाही आहे. पण गप्पा व्हरांड्यात होतात, जेवणाच्या हॉलमध्ये होतात, कपडे बदलायला दारच लागतं. शिवाय साथीचं बघा. कोविडच्या पहिल्या लाटेत कॅनडातल्या ऑन्टारिओत ६१८ नर्सिंग होमचा अभ्यास झाला होता, जिथं एका खोलीत आणि एका बाथरूमला जास्त माणसं तिथं कोविडनं २.७ टक्के रहिवासी गेले, कमी गर्दी होती तिथं १.३ टक्के. आत्याला दमा आहे, मला हे वाचल्यापासून चैन नाही.

आत्यालाच विचारलं तर म्हणाली, "बारकी असली तर चालतंय गं, पण दार असलेली बघ की."

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान १५० जणांचा वृद्धाश्रम म्हटलंय पण तो निराधारांसाठी, आत्याला काकांची पेन्शन आहे, म्हणजे खासगीच बघायला लागणार. सध्याच्या ठिकाणी सिंगल रूम फुल आहेत आणि दर जवळपास दुप्पट. मालक प्लायवूडचं पार्टिशन घालून द्यायला तयार आहेत, पण त्यानं आवाज थांबणार नाही आणि खिडकी एकीच्याच वाटणीला येणार.

कुणी आपलं माणूस सिंगल रूममध्ये ठेवलंय का? रात्री कोण किती वेळा बघून जातं, बेल दाबल्यावर खरंच कुणी येतं का? बाथरूमचं दार बाहेर उघडणारं आहे का, कारण आत पडलेलं माणूस दाराला अडकलं तर ढकलून उघडत नाही. दोन बेडची खोली, मध्ये छतापर्यंत पार्टिशन, हा मधला मार्ग कुणी करून बघितलाय का, आणि खर्च कितपत आला? आत्याला कन्नड अजिबात येत नाही, त्यामुळे मराठी बोलणारा स्टाफ पाहिजेच, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूरही चालेल. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथं इकडनं फोन केला तर मराठीत बोलतात का तेही सांगा.