‘मला घरी जायचंय’ला काय उत्तर द्यावं?
प्रश्न असा, अल्झायमर असलेल्या आई स्वतःच्याच घरात रोज संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणतात, काय करायचं? ‘हेच तुझं घर’ असं पटवू नका, वाद वाढतो. ‘घरी कोण कोण असतं गं?’ असं विचारून बोलतं करा, मग निवडायला मेथी किंवा सोलायला मटार द्या. सवयीची कामं हातांना बरीच उशिरापर्यंत आठवतात, हा खरा दिलासा. दिवेलागणीच्या अर्धा तास आधीच दिवे लावा (सावल्यांनी भीती वाढते), दुपारी ३ नंतर चहा नको. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर मात्र आजार बळावला असं समजून खचू नका. बऱ्याचदा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा शरीरात पाणी कमी पडणं हे कारण निघतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, उपचारांनी फरक पडू शकतो.