मदत हवी आहे: सर्वांत मोठी संख्या, पण नियम काय ठेवू?

नमस्कार मंडळी. दिवे गेले की आमच्याकडे एक खेळ चालतो. पंधरा सेकंदांत पाठकोऱ्या कागदावर मोठ्यात मोठी संख्या लिहायची. अनंत चालत नाही. लेक (सातवीत) भराभर नऊ लिहीत सुटते. भाच्याने परवा 'परार्ध' लिहिलं, आजीकडून शिकलेलं. म्हणजे एकावर फक्त सतरा शून्यं! मग मी ९चा घात ९, त्याच्याही डोक्यावर ९ असा मनोरा लिहिला. तीनच नऊ, पण उत्तरात ३६ कोटींहून जास्त अंक. पोरं गप्प.

पण आता भाचा दरवेळी 'मामीच्या संख्येपेक्षा एक जास्त' लिहितो आणि जिंकतो. लबाड!

२००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रायो आणि एल्गा या दोन तत्त्वज्ञांची अशीच जुगलबंदी झाली होती, त्यात रायो जिंकले. तिथे असली पळवाट बंदच होती म्हणे. मलाही तसा नियम हवाय, पण बारा वर्षांच्या पोराला पटेल अशा शब्दांत.

दुसरं, 'बिझी बीव्हर' कसं समजावू? म्हणजे कोऱ्या पट्टीवर खुणा करत साध्या नियमांनी चालणारं एक काल्पनिक संगणक-यंत्र (ट्यूरिंग यंत्र) घ्यायचं; त्याला अमुक इतक्याच अवस्था (नियमांचे संच) दिल्या, तर ते कधीतरी थांबण्याआधी जास्तीत जास्त किती पावलं चालू शकतं, ती संख्या. पाच अवस्थांचं यंत्र थांबण्याआधी जास्तीत जास्त ४,७१,७६,८७० पावलं चालतं, हे २०२४ मध्ये सिद्ध झालं, इथवर सांगितलं. लेकीने विचारलं, "मग पुढचे आकडे कम्प्युटर का नाही काढत?" इथे माझी दांडी गुल. घरगुती उदाहरण सुचतंय का कुणाला?